गुरुवारची अबीगईल

आईच्या अंत्यविधीला पाळकसाहेबांनी तिची चांगली कामं एकेक करून सांगितली. त्यात रत्नामावशीचं लग्न होतं. 'आपल्या या बहिणीनं एका विधवेचा संसार पुन्हा उभा करून दिला,' असं ते म्हणाले आणि पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. मी दातावर दात दाबून बसले. अंत्यविधीत उठून हरकत घेता येत नाही, एवढं मला कळतं. पण माझा धंदा घरं रिकामी करण्याचा आहे, गेलेल्या माणसांचं सामान घाऊक उचलून विकण्याचा. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंवर कोण कसा हक्क सांगतं ते मी आयुष्यभर बघत आले आहे, आणि गप्प बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही हेही. म्हणून आता या वयात लिहून ठेवते: ते लग्न मी जमवलं. पंधराव्या वर्षी. आईनं ते मोडायचा प्रयत्न केला होता.

नॉटिंगहॅमला आमचं घर एका लांबलचक टेरेसमध्ये, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत होतं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींमध्ये आवळून बसवल्यासारखं. आई हॉस्पिटलात नर्स. पप्पा मोजे विणणाऱ्या कारखान्यात. माझ्या पाठचे दोघे जुळे भाऊ, त्यांचे पाय जिन्यावर कधी थांबल्याचं मला आठवत नाही. आणि रत्नामावशी. ती आईची लांबची मावसबहीण. तिच्या नवऱ्यानं तिला नगरहून लंडनला आणलं, आणि तीन वर्षांत तो छातीच्या दुखण्यानं गेला. आई तिला आमच्याकडे घेऊन आली ती 'चार दिवस राहा, मन हलकं होईल' असं म्हणून. ते चार दिवस नऊ वर्षं चालले होते. सकाळी मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची आणि दुपारी परत आली की आमचं घर तिच्या हाती. सकाळी झोपेत मला भाकरी थापल्याचा आवाज यायचा. खरं तर त्या गुळगुळीत ओट्यावर भाकरी थापणं जिकिरीचं होतं, परात सरकायची, म्हणून ती ओला फडका खाली घालून थापायची. लेस्टरहून बाजरीचं पीठ आणि कुळीथ आले की दोन दिवस घराला वेगळाच वास यायचा, आणि त्या दिवसांत शेंगोळ्यांच्या पातेल्याभोवती आम्ही तिघंही भांडायचो. आई रात्रपाळीहून यायची तेव्हा तिच्यासाठी ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते कोणी ठेवलं हे कधी कोणी बोलून दाखवलं नाही. पाणी नळातून येतं तशी मावशी आमच्या घरात होती.

गुरुवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत बायकांची बैठक भरायची. पाच-सहा जणी, सगळ्या नगर-जालन्याकडच्या मराठी ख्रिस्ती, खोली गरम करणाऱ्या गॅस फायरच्या समोर अर्धगोल करून बसलेल्या. एक प्रार्थना, एक गीत, मग चहा आणि कांदाभजी, आणि मग ज्यासाठी त्या दोन-दोन बसगाड्या बदलून यायच्या ते: आईचं पुस्तक. ही पुस्तकं इंग्रजी असायची. जाडजूड, स्वस्त कागदाची, कव्हरवर टोपीची नाडी हनुवटीखाली बांधलेली मुलगी, मागे गवत आणि छपराची घोडागाडी. अमेरिकेच्या पश्चिमेला जुन्या काळात वस्ती करायला गेलेल्या भाविक माणसांच्या प्रेमकथा. आई पुस्तक इंग्रजीत डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची, मध्ये न अडखळता, जणू समोर मराठीच लिहिलं आहे. नावं ती आपल्या बायबलमधली करून टाकायची. अ‍ॅबिगेल असेल तर अबीगईल, जेकब असेल तर याकोब. प्रेअरीला ती माळरान म्हणायची. त्यामुळे मोंटानातली ती माणसं नगरच्या बाहेर कुठेतरी, पाथर्डीच्या रस्त्याला राहत असावीत असं मला बराच काळ वाटत होतं.

बायका ऐकायच्या ते गोष्ट म्हणून नाही. अबीगईल त्यांची नात्यातली होती. भाजीच्या दुकानात दोघी भेटल्या तरी 'अबीगईलचं काय झालं असेल गं' एवढं विचारून पुढे जायच्या. घरात पीठ संपलं आहे आणि बाहेर कमरेएवढा बर्फ, असं आईनं वाचलं तेव्हा एकीनं खरोखरच डोळ्यांना पदर लावला होता. साळवेबाई म्हणून होत्या, त्यांचा नवरा बस चालवायचा, त्यांचं तोंड बैठकीत सगळ्यात सैल. सरकारनं याकोबला माळावरची एकशे साठ एकर जमीन फुकट दिली, असं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'थांबा. त्या माळावर आधी कोण राहत होतं?' आईनं पान मागे-पुढे करून बघितलं आणि म्हणाली, 'त्याबद्दल काही दिलेलं नाही.' साळवेबाई म्हणाल्या, 'दिलेलं नसणारच. फुकटची जमीन म्हणजे कोणाला तरी हाकलल्याशिवाय नाही. आमच्या आज्याला विचारा.' आईनं पुढचं वाचायला घेतलं.

आईला चुंबनं वाचता यायची नाहीत. तशी जागा आली की ती किंचित थांबायची आणि म्हणायची, 'आणि मग त्या दोघांनी हात धरून प्रार्थना केली.' एका पुस्तकात या प्रार्थना इतक्या झाल्या की साळवेबाई म्हणाल्या, 'केवढी भक्ती आहे हो या दोघांची. आमचे पाळकसुद्धा एवढी प्रार्थना करत नाहीत.' रत्नामावशी भज्यांचं ताट घेऊन तशीच स्वयंपाकघरात पळाली. तिचं हसू मला भिंतीतून ऐकू आलं.

ही पुस्तकं आणायचं काम माझं होतं. चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा जम्बल सेल लागायचा, तिथे मी शेवटच्या अर्ध्या तासात जायची, कारण तेव्हा विकायला बसलेल्या बायका दमलेल्या असतात आणि त्यांना सामान परत गाडीत भरायचं नसतं. हवी असलेली वस्तू हातात घ्यायची, तिच्यात एक खोट दाखवायची, खाली ठेवायची आणि दाराकडे चालायला लागायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. घरी परत येताना बसमध्ये मी पुस्तक वाचायला घ्यायची आणि आईच्या हाती पडायच्या आत ते संपवलेलं असायचं. आई कुठे काय गाळते, कुठे प्रार्थना घालते, ते मला ठाऊक असायचं. मी कधी बोलले नाही. तो तिचा माल होता, तिनं तो तिच्या पद्धतीनं मांडावा.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे तेव्हा चाललेल्या पुस्तकातली अबीगईल आजारी बहिणीची सेवा करायला मोंटानाला जाते. बहीण मरते. मागे राहिलेली तिची मुलं सांभाळत अबीगईल मेहुण्याच्याच घरात राहते, वर्षांमागून वर्षं. मग शेजारच्या माळावरचा याकोब, विधुर, तिला पत्र लिहून मागणी घालतो. आई त्या पत्रापर्यंत आली त्याच आठवड्यात रत्नामावशीला तसंच मागणीचं पत्र आलं. बेसिंगस्टोकचे दावीद पाटोळे, ऑफिसांतली यंत्रं दुरुस्त करणारे, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. तेव्हाचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा आमच्याकडे उपासना घ्यायला यायचे, त्यांनी ते आणून दिलं. सुंदर वळणदार मराठी अक्षर होतं. मावशीनं ते दोनदा वाचलं आणि गीतांच्या पुस्तकात घालून ठेवलं.

बायकांनी अर्थातच विचारलं. मावशी चहा गाळत होती. ती म्हणाली, 'अबीगईल काय उत्तर देते ते बघू. मग सांगते.' सगळ्या हसल्या. मी हसले नाही, कारण मला तिचा चेहरा दिसत होता. आईसुद्धा हसली नाही. अडतीस वर्षांची बाई, आयुष्यात तिला कधी कोणी 'तुला काय पाहिजे' असं विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं गेल्यावर तिला ते ठरवायला माणूस हवं होतं. तिच्या ओळखीत अशी मागणी आलेली दुसरी बाई एकच होती, आणि ती मोंटानात होती.

पुढच्या गुरुवारी आईनं चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. याकोबचं पत्र अबीगईलनं खिडकीत उभं राहून पुन्हा वाचलं. बाहेर बर्फ. आत बहिणीची मुलं पाटीवर अक्षरं गिरवताहेत. आईचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. 'अबीगईलनं मुलांकडे पाहिलं,' आई म्हणाली. 'तिला वाटलं, देवानं मला या घरात ठेवलं आहे. या लेकरांना माझी गरज आहे. दुसऱ्याच्या दारात सुख शोधायला मी कशाला जाऊ? आणि तिनं ते पत्र चुलीत टाकलं.' एकीनं सुस्कारा सोडला. रत्नामावशी दाराजवळ उभी होती. तिनं मान हलवली, शाळेत पोरं हलवतात तशी, आणि रिकामे कप गोळा करायला लागली.

'तसं नाहीये त्यात,' मी म्हणाले.

आईनं चष्म्यावरून बघितलं. 'तू वर जा. अभ्यास कर.'

'ती पत्र जाळत नाही. मी वाचलंय. ती हो म्हणते.'

'पोरी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.'

माझं डोकं फिरलं. तेव्हाही फिरायचं, आताही फिरतं, माझ्याकडे कामाला असलेली माणसं सांगतील. मावशीनं जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. ती गेली तर शेंगोळे जाणार, माझ्या वेण्या जाणार, मला उशीर झाला की पप्पांना 'मीच पाठवलं होतं तिला' असं सांगणारं माणूस जाणार. पण मालाची खोट लपवून विकणं वेगळं आणि डब्यावर भलतंच लेबल चिकटवणं वेगळं. मी आईच्या हातातून पुस्तक ओढलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. माझं मराठी तेव्हा इथं जन्मलेल्या सगळ्या पोरांसारखं होतं, 'ती' कुठे म्हणायचं आणि 'तो' कुठे याचा पत्ता नाही, अर्धी वाक्यं इंग्रजीत. पण कोणी हसलं नाही. पुस्तकात असं होतं: अबीगईल याकोबला हो म्हणते, पण तीन अटींवर. बहिणीची मुलं दर रविवारी तिच्या टेबलावर जेवतील. तिच्या आईचा गीतं वाजवायचा जुना बाजा मागच्या खोलीत नाही, बैठकीत राहील. आणि बर्फ वितळेपर्यंत तो थांबेल, तिला घाई करणार नाही. याकोब टोपी काढून हातात धरतो आणि म्हणतो, एवढंच?

मी थांबले. साळवेबाई म्हणाल्या, 'आणि मग त्यांनी प्रार्थना केली असेल,' आणि आपली पर्स उचलली.

बायका गेल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात उभं केलं. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. 'उद्यापासून माझ्या रात्रपाळीला तुझ्या भावांना कोण बघणार? तू?' मी म्हणाले, 'मग तसं सांग ना तिला. तू राहा, मला तुझी गरज आहे, असं सांग. अबीगईलच्या तोंडून कशाला?' आईनं युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला. पुढच्या गुरुवारी तिनं मला सगळ्या बायकांसमोर माफी मागायला लावली, उद्धटपणाबद्दल. मी मागितली. खरं बोलल्याबद्दल मी आयुष्यात मागितलेली ती एकच माफी, आणि ती मला अजून टोचते. आई गेली, तरी टोचते.

त्या शनिवारी मावशी कणीक मळत होती. तिनं दार लोटलं आणि विचारलं, 'ते तीन अटींचं खरं होतं?'

'हो.'

'आणि तो रागावला नाही?'

'नाही. टोपी काढली त्यानं.'

ती बराच वेळ मळत राहिली. मग म्हणाली, 'मलाही आहेत. पण माझ्या तोंडून निघायच्या नाहीत गं. समोर माणूस बसला की मी हो म्हणून टाकते. तू त्या सेलमध्ये बोलतेस ना, तसं बोलशील माझ्यासाठी?'

मी तिच्याकडून अटी लिहून घेतल्या. एका अटीपाशी ती म्हणाली, 'हे जास्त होईल, खोड.' मी खोडलं नाही.

पाटोळेकाका एका रविवारी दुपारी आले, काळा सूट, हातात बिस्किटांचा डबा. चार तासांचा प्रवास करून आलेला माणूस, तरी बुटांना चिखल नाही. वाटेत कुठेतरी पुसले होते. पप्पांनी त्यांच्याशी ट्रेनच्या उशिराबद्दल सविस्तर चर्चा केली. आई खुर्चीच्या टोकावर बसून होती. मावशी स्वयंपाकघरात. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि कागद उघडला. 'काका, मावशीच्या तीन अटी आहेत,' मी म्हणाले. आईनं मान फिरवली, पण पाहुण्यासमोर ती काय बोलणार.

पहिली: मावशी तिथे नोकरी करेल, आणि ती कधी सोडायची ते ती ठरवेल. काका म्हणाले, 'चांगलंच आहे. दिवसभर एकटी घरात काय करेल?' दुसरी: दर दोन महिन्यांनी ती नॉटिंगहॅमला येऊन दोन दिवस राहील आणि कशाला म्हणून कोणी विचारणार नाही. काका म्हणाले, 'दर महिन्याला येऊ दे. मी सोडायला येईन.' त्यांनी जास्त दिलं ते मी ताबडतोब लिहून घेतलं. तिसरी: तिच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो बैठकीच्या भिंतीवर लागेल. ट्रंकेत नाही, माळ्यावर नाही.

काकांनी चहाचा कप बशीत फिरवला. 'बैठकीत म्हणजे... माणसं येतात. विचारतात. जिन्यात लावू या का? जिन्यातही चांगला उजेड आहे.'

मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उभी राहिले. 'पप्पा,' मी म्हणाले, 'काकांची परतीची ट्रेन कितीला आहे?'

पप्पांनी खरोखरच घड्याळ बघितलं. आई म्हणाली, 'अगं—' आणि थांबली. काका माझ्याकडे बघत होते आणि मग त्यांना हसू आलं, ते हसू आवरता आवरेना. 'ही कोणाकडे कामाला आहे?' त्यांनी पप्पांना विचारलं. मग ते शांत झाले. 'माझ्या मंडळींचा फोटो मी कपाटात ठेवलाय,' ते म्हणाले. 'माझी मुलगीच म्हणाली, नवीन माणूस येणार असेल तर भिंतीवर बरं दिसत नाही. कपाट उघडलं की रोज वाईट वाटतं. तुमच्या मावशीला चालत असेल तर दोन्ही लावू. शेजारी शेजारी.'

हा विचार मी केलेला नव्हता. समोरचा माणूस तुमच्यापेक्षा चांगला सौदा पुढे ठेवतो असं माझ्या सगळ्या धंद्यात चार-पाच वेळा झालं असेल. मी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघराचं दार उघडलं. मावशी ताजा चहा घेऊन आली होती. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, 'साखर किती घेता?' मला कळलं की आता माझं काम संपलं.

ते दोन फोटो अजून बेसिंगस्टोकला आहेत, खिडकीच्या डाव्या हाताला. पाटोळेकाका जाऊन काही वर्षं झाली आणि आता तिथे तीन फोटो आहेत. मावशी ऐंशीच्या पुढे आहे, दर रविवारी फोन करते, गुडघ्यांची तक्रार करते आणि मी एखाद्या घराचं सामान किती चांगल्या भावात उचललं ते बारीकसारीक ऐकून घेते. आई मात्र आयुष्यभर, कोणी लग्नाचा विषय काढला की, 'रत्नाचं मीच जमवलं ना' असं सांगत राहिली. आधी मी चिडायची. मावशी म्हणायची, 'बोलू दे गं तिला, तुला माहीत आहे ना?' मला माहीत असून काय उपयोग? मालकी माझी आणि नाव दुसऱ्याचं, हे मला घशाखाली उतरत नाही. म्हणून हे लिहिलं.

पण एक गोष्ट लिहिली नाही तर मीही भलतं लेबल लावलं असं होईल. लग्न आमच्या जवळच्याच एका इंग्रजी चर्चमध्ये झालं, उपासनेसाठी ते दुपारचं आम्हाला मिळायचं. मावशीनं पांढरं नाही, फिकं निळं पातळ नेसलं होतं. आई रात्रपाळी करून सरळ आली होती, कोटाच्या आत युनिफॉर्म. पाळकसाहेबांनी पुस्तकातलं वाचत वाचत तो प्रश्न विचारला, लग्नात विचारतात तो: या स्त्रीस या पुरुषाशी लग्न करायला कोण देतो? आणि कोणीच उठलं नाही. मावशीचे वडील कधीच गेले होते, भाऊ नगरला, आणि हे आधी ठरवायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अटी सगळ्या लिहून घेतल्या होत्या मी, आणि हे राहून गेलं. पाळकसाहेबांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी आईकडे पाहिलं. मावशी वळली नाही, पण तिचे खांदे वर आलेले मला मागून दिसत होते. मग माझ्या शेजारचा बाक करकरला. आई उठली होती, समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून. 'मी देते,' ती म्हणाली. पाळकसाहेबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाशी हात नेला आणि पुन्हा विचारलं, आणि आईला ते दोनदा म्हणावं लागलं.